यंदा मंडळाची सहल इतिहासनाटकाला न्या

ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहल ठरवायची बैठक भरली की तेच दोन-तीन पर्याय पुढे येतात. समुद्रकिनारा, थीम पार्क, नाहीतर एखाद्या मोठ्या बागेत बार्बेक्यू. मुलं मनसोक्त खेळतात, मोठ्यांच्या वर्षभर तुंबलेल्या गप्पा होतात. हे सगळं व्हायलाच हवं. पण यंदा एक संध्याकाळ मंडळाने शेक्सपिअरच्या इतिहासनाटकासाठी राखून ठेवावी, ते नाटक मोकळ्या आकाशाखाली पाहावं, आणि जिथे सोय आहे तिथे खुर्चीत न बसता उभ्याने पाहावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उघड्यावरचं शेक्सपिअर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असतं. मात्र बहुतेकांनी पाहिलेली असते ती सुखान्तिका. पऱ्या, जंगल, वेषांतरं, शेवटी लग्नं. १६२३ साली त्याची नाटकं एकत्र छापली गेली तेव्हा संपादकांनी दहा नाटकं ‘इतिहास’ या सदराखाली वेगळी काढली. जॉन, दुसरा रिचर्ड, चौथा, पाचवा, सहावा आणि आठवा हेन्री, तिसरा रिचर्ड. या दहांच्या वाट्याला आपली माणसं फारशी जात नाहीत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: इतके हेन्री, इतके रिचर्ड, कोण कुणाचा काका हेच कळत नाही.

सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या कशा झाल्या हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांना घाबरावं, हे मला पटत नाही. भाऊबंदकी आहे ती. तिसऱ्या एडवर्डच्या वंशात गादीवर खरा हक्क कुणाचा, एवढाच मूळ प्रश्न. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने आपल्या चुलतभावाला, दुसऱ्या रिचर्डला, खाली ओढून मुकुट घेतला आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजत राहिल्या. एका कागदावर वंशवृक्ष काढून सभासदांना आधी पाठवला तर अर्धी भीती तिथेच संपेल.

आता उघड्यावर का आणि उभ्याने का, ते सांगतो.

लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण काठावर ग्लोब नाट्यगृह १५९९ मध्ये उभं राहिलं. मधलं अंगण उघडं, भोवती तीन मजल्यांचे सज्जे. प्रयोग दुपारी, उन्हात. एक पेनी देणारा अंगणात उभा राहायचा, जास्त देणारा सज्जात बसायचा. १६१३ च्या जून महिन्यात आठव्या हेन्रीवरच्या नाटकात तोफ उडवताना ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि सगळं नाट्यगृह जळून गेलं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती बाटलीतली बिअर ओतून विझवली, असं त्या काळच्या एका पत्रात नोंदलेलं आहे. आज तिथून जवळच जे ग्लोब उभं आहे ते सॅम वानामेकर या अमेरिकन नटाच्या वर्षानुवर्षांच्या चिकाटीतून उभं राहिलं. १९९३ मध्ये तो गेला, नाट्यगृह १९९७ मध्ये खुलं झालं. पहिल्याच हंगामात तिथे ‘पाचवा हेन्री’ झालं. अंगणात आजही सुमारे सातशे माणसं उभी राहतात आणि उभ्याचं तिकीट इतर नाट्यगृहांच्या मानाने स्वस्त असतं.

त्या अंगणात उभं राहिलं की रंगमंचाची कड छातीशी येते. नट तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो, कारण तुम्ही त्याला दिसत असता. रात्रीच्या प्रयोगालाही तिथे अंगण अंधारात बुडवत नाहीत. नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असतात. सुखान्तिकेत याने मजा वाढते. इतिहासनाटकात याने नाटकच बदलतं. राजा सैन्यापुढे भाषण करतो तेव्हा सैन्याच्या वेषात रंगमंचावर दहा-बाराच नट असतात, पण त्याच्यासमोर खाली सातशे माणसं उभी असतात. तो त्यांच्याशीच बोलतो. अंगणातला प्रेक्षक फौजेत भरती होतो, त्याला कुणी विचारत नाही. खुर्चीत रेलून बसलेल्याला हे कळायला बराच वेळ लागतो, दोन तास पाय दुखवत उभं राहिलेल्याला लगेच कळतं.

म्हणून पहिल्या सहलीसाठी ‘पाचवा हेन्री’ निवडावं असं मी सुचवतो. ते नसेल तर दुसरं कुठलंही चालेल. पण याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे नाटक म्हणजे इंग्लंडच्या पराक्रमाचं ढोलवादन, असा समज आपल्यात आहे आणि इंग्रजांमध्येही आहे.

सुरुवातीला सूत्रधार येतो. सूत्रधार आपल्याला नवा नाही. हा मात्र आल्या आल्या क्षमा मागतो: या लाकडी रिंगणात फ्रान्सची रणांगणं कशी मावणार, आम्ही घोडे म्हटलं की तुम्ही घोडे बघा, उणीव तुमच्या मनाने भरून काढा. पाठोपाठ दोन धर्मगुरू येतात आणि हळू आवाजात बोलू लागतात. चर्चच्या जमिनी काढून घेणारं विधेयक पुन्हा डोकं वर काढतंय, ते टळावं म्हणून काय करता येईल? मग राजापुढे जाऊन त्यातलाच एक लांबलचक वंशावळ उलगडतो आणि फ्रान्सवर तुमचाच हक्क आहे असं सिद्ध करून देतो. हे भाषण कंटाळवाणं म्हणून ख्यात आहे आणि अनेक प्रयोगांत ते छाटतात. मंडळाच्या लोकांना आधीच सांगून ठेवा की त्यातली नावं कळली नाहीत तरी चालेल, त्याआधीची ती हलक्या आवाजातली चर्चा तेवढी लक्षात ठेवा. युद्धाचा कायदेशीर आधार कुणी दिला आणि त्यात त्याचा काय फायदा होता, हे शेक्सपिअरने पहिल्याच प्रवेशात सांगून टाकलं आहे.

तिसऱ्या अंकात चार कप्तान भेटतात. एक इंग्रज, एक वेल्श, एक स्कॉटिश, एक आयरिश. चौघांची इंग्रजी चार तऱ्हांची. वेल्श कप्तान फ्लुएलन आयरिश मॅकमॉरिसला बोलता बोलता ‘तुमच्या राष्ट्राचे लोक’ असं काहीतरी म्हणायला जातो आणि मॅकमॉरिस भडकतो. माझं राष्ट्र? काय आहे माझं राष्ट्र? तो ज्या फौजेत लढतोय ती इंग्लंडची, आणि नाटक लिहिलं जात होतं तेव्हा इंग्लंडची फौज आयर्लंडमध्ये लढत होती. प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाही. तेवढ्यात वाटाघाटीचा बिगूल वाजतो आणि सगळे कामाला लागतात. ज्या मुलांना शाळेत ‘तू मूळचा कुठला’ आणि सुटीत भारतात गेल्यावर ‘तुम्ही तिकडचे’ असं दोन्हीकडून ऐकावं लागतं, त्यांच्या शेजारी उभं राहून हा प्रवेश बघा. आपण घरात या विषयावर किती वेळा बोललो असू, आणि किती वेळा तो विषय अर्ध्यावर टाकला असेल. इथे चारशे वर्षांपूर्वीचा एक माणूस तो भर सैन्यात ओरडून विचारतो.

आणि मग चौथा अंक. अॅजिनकोर्टच्या लढाईची, म्हणजे २५ ऑक्टोबर १४१५ ची आदली रात्र. १५९९ मध्ये ही रात्र भर दुपारी केवळ शब्दांनी उभी करावी लागत होती. आज इंग्लंडात जून महिन्यात सूर्य नऊनंतर मावळतो. साडेसातला सुरू झालेला प्रयोग या अंकाशी येतो तेव्हा खरोखरच काळोख दाटू लागलेला असतो, हवेत गारवा आलेला असतो, आणि माणसं पिशवीतून स्वेटर काढत असतात. राजा एका म्हाताऱ्या सरदाराचा झगा मागून घेतो, तो पांघरून ओळख लपवतो आणि साध्या शिपायांमध्ये जाऊन बसतो. त्यांच्यात विल्यम्स नावाचा एक आहे. राजासमोर बसलोय हे त्याला माहीत नाही. तो सरळ म्हणतो की हे युद्ध न्यायाचं नसेल तर राजाला मोठा हिशेब द्यावा लागेल. लढाईत तुटलेले पाय, हात, डोकी निवाड्याच्या दिवशी एकत्र येऊन ओरडतील: आम्ही अमुक ठिकाणी मेलो. कुणी शिव्या देत मेला, कुणी वैद्याला हाका मारत, कुणी मागे राहिलेल्या बायकोच्या काळजीत, कुणी फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या.

राजा उत्तर देतो, लांब देतो, हुशारीने देतो. प्रत्येकाच्या आत्म्याची जबाबदारी ज्याची त्याची, असं तो पटवून देतो आणि शिपाई मानही डोलावतात. पण विल्यम्सने विचारलं होतं ते युद्धाच्या कारणाबद्दल. त्याला उत्तर मिळत नाही. अंगणात उभं राहून हे ऐकताना मला नेहमी जाणवतं की प्रश्न विचारणारा माझ्याच उंचीवर आहे आणि उत्तर टाळणारा झग्याआड आहे. थोड्या वेळाने राजा एकटा उरतो, तेव्हा प्रार्थनेत बापाने, म्हणजे चौथ्या हेन्रीने, मुकुट कसा मिळवला ते आठवून तो देवाला विनवतो की निदान आज त्याचा हिशेब मागू नकोस.

लढाई जिंकल्यावर दूत मेलेल्यांची यादी आणतो. फ्रेंचांचे दहा हजार, त्यात बड्या सरदारांची नावं एकामागून एक. मग इंग्रजांची: यॉर्कचा ड्यूक, सफोकचा अर्ल, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम. नाव घेण्याजोगा आणखी कुणी नाही. बाकीचे सगळे मिळून पंचवीस. इतिहासकार इंग्रजांची हानी याहून बरीच जास्त धरतात, ते सोडा. ‘नाव घेण्याजोगा आणखी कुणी नाही’ हे वाक्य सातशे उभ्या माणसांच्या तोंडावर म्हटलं जातं तेव्हा काय होतं ते बघायला या. याच लढाईत राजाने कैद्यांना मारायचा हुकूम दिलेला आहे, तोही रंगमंचावर, सगळ्यांदेखत. आणि शेवटी सूत्रधार परत येऊन सांगतो की हे जिंकलेलं सगळं याच्या मुलाच्या काळात गेलं. खरोखरच गेलं. पाचवा हेन्री १४२२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला तेव्हा त्याचा वारस नऊ महिन्यांचा होता.

त्या वारसाच्या काळातलं यादवीयुद्ध ‘सहावा हेन्री’च्या तीन भागांत आहे. २०१३ मध्ये ग्लोबच्या मंडळींनी हे तिन्ही भाग प्रत्यक्ष रणभूमींवर नेऊन केले: टॉटन, ट्यूक्सबरी, सेंट ऑल्बन्स, बार्नेट. टॉटनची लढाई १४६१ मध्ये, पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), बर्फाच्या वादळात झाली. नाटकात दुबळा राजा लढाईच्या कडेला एका लहानशा उंचवट्यावर बसतो. एक शिपाई लुटीच्या आशेने मारलेल्या माणसाचं शिरस्त्राण काढतो आणि बघतो तर बाप. दुसरीकडून एक बाप येतो, त्याच्या हातून मुलगा गेलेला. हा प्रवेश त्या मातीवर उभं राहून पाहायची संधी पुन्हा कुणी दिली तर मंडळाची बस तिथे पोहोचली पाहिजे.

आपण मराठी माणसं ऐतिहासिक नाटकांवर वाढलेले आहोत. राजाचा प्रवेश झाला की तुतारी, टाळ्या, घोषणा. ती सवय मला प्रिय आहे आणि त्या टाळ्यांत मीही आहे. प्रश्न विचारणारी नाटकंही आपल्याकडे झाली, त्यांवर वादळंही उठली. परदेशात मात्र आपण इतिहासाची फक्त पहिली तऱ्हा जपतो. मंडळाच्या शिवजयंतीला मुलं पाठ केलेली भाषणं करतात, आपण फोटो काढतो. इतिहासावर प्रेम ठेवूनही राजाला विचारता येतं, शिपायाच्या बाजूने बघता येतं, हे त्या मुलांनी कुठे बघायचं? शाळेत त्यांना शेक्सपिअर असतोच, पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला बहुधा मॅकबेथ किंवा रोमिओ-ज्युलिएट. इतिहासनाटकं त्यांच्याही वाटेत क्वचितच येतात. ती आपण दाखवू शकतो.

आता अडचणी. भाषा जुनी आहे हे खरं. इथे जन्मलेल्यांनाही सगळे शब्द कळत नाहीत. गोष्ट आधी माहीत असली की शब्द सुटले तरी अर्थ सुटत नाही, त्यामुळे सहलीच्या आदल्या आठवड्यात तासाभराची एक बैठक घ्यावी आणि कुणीतरी मराठीतून कथा सांगावी. ज्येष्ठांना तीन तास उभं करणं शक्य नाही. त्यांच्यासाठी सज्जातली तिकिटं घ्यावी लागतील, तिथे पाठ टेकायला काही नसणाऱ्या लाकडी बाकांवर भाड्याची उशी घ्यावीच. पाऊस आला तरी प्रयोग चालूच राहतो आणि ग्लोबच्या अंगणात छत्री उघडू देत नाहीत, म्हणून रेनकोट हवा. दुपारच्या खेळाला टोपी आणि पाणी. लंडनबाहेरच्या मंडळांनी एवढ्या लांब यायलाच हवं असंही नाही. उन्हाळ्यात फिरत्या नाटक मंडळ्या किल्ल्यांच्या आवारात, जुन्या वाड्यांच्या बागांत प्रयोग करतात, तिथे सतरंजी अंथरून बसता येतं आणि घरचा डबाही चालतो. कॉर्नवॉलमध्ये समुद्राच्या कड्यावर मिनॅक हे उघडं नाट्यगृह आहे, लंडनमध्येच रीजंट्स पार्कातलं उघडं नाट्यगृह आहे. या दोन्ही ठिकाणची सुरुवात १९३२ ची. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. या योगायोगाचा मला मनापासून आनंद वाटतो.

प्रयोग निवडताना एक गोष्ट तपासा: कालावधी. ‘पाचवा हेन्री’ दीड तासात उरकत असतील तर कुणाला तरी कापलेलं आहे, आणि कात्री बहुधा धर्मगुरू, कप्तान आणि शिपाई यांच्यावरच चालते. एका बागेतल्या प्रयोगात विल्यम्सचा प्रश्नच गाळलेला मी पाहिला आहे. उरली ती राजाची भाषणं आणि टाळ्या. तसा प्रयोग दाखवायचा असेल तर सहल समुद्रावरच न्यावी. दुसरी गोष्ट पालकांसाठी: तिसऱ्या अंकात हार्फ्लूर या फ्रेंच शहराच्या वेशीवर, शहर शरण न आल्यास बायका-मुलांचे काय हाल होतील याची राजा जी धमकी देतो ती फार भीषण आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना आणायचं की नाही हे तो प्रवेश वाचून ज्याने त्याने ठरवावं. त्याहून मोठ्यांना मात्र आणाच, आणि परतीच्या बसमध्ये अंताक्षरी सुरू करण्याआधी त्यांना बोलू द्या.

उन्हाळी हंगामाची तिकिटं बरीच आधी विक्रीला येतात आणि गटासाठी एकत्र जागा हव्या असतील तर थांबून चालत नाही. म्हणून कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा. आमच्या मंडळापुरती तिकिटं काढण्याची, वंशवृक्षाचा कागद मराठीत तयार करण्याची आणि आदल्या आठवड्यात कथा सांगण्याची जबाबदारी मी घेतो. इतर मंडळांना तो कागद हवा असेल तर आनंदाने पाठवीन.

आपला,
एक सभासद